कातळावरचं चित्र वाचायचं कसं, आणि त्याचं वय ठरवायचं कसं

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, मी पहिल्यांदा गेलो तो मे महिन्यात, भर दुपारी. समोर नुसता तापलेला जांभा पसरलेला. कातळात कोरलेल्या ज्या हत्तीसाठी गेलो होतो तो सुमारे १८ मीटर लांबीचा आहे, पण त्याच्या कडेला उभं राहूनही तो दिसेना. संध्याकाळी ऊन तिरपं झालं, खोदलेल्या रेषांच्या कडांनी सावली धरली, आणि आधी पाठ, मग सोंड, मग त्याच्या पोटातले लहान लहान प्राणी असं सगळं एकेक करून वर आलं. कातळ तोच होता, बदलला होता तो फक्त उजेड.

जगभरातली शैलचित्रं आणि कातळशिल्पं पाहायची तर सुरुवात इथूनच होते. या लेखात मी ती पाहण्याची, नोंदवण्याची, त्यांचं वय समजून घेण्याची आणि मग शेवटी, अगदी शेवटी, अर्थाकडे वळण्याची पद्धत सांगणार आहे. त्यासाठी एक वही घ्या आणि तिचे तीन भाग करा: ‘दिसतं ते’, ‘मोजलेलं ते’ आणि ‘वाटतं ते’. या विषयातल्या बहुतेक मोठ्या चुका तिसऱ्या भागातला मजकूर पहिल्या भागात लिहिल्यामुळे झालेल्या आहेत.

आधी खात्री करा: हे माणसाचं काम आहे का?

२०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या, म्हणजे शैलचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणाच्या, एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया नावाच्या, सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा जीवाश्म सापडल्याचं प्रसिद्ध झालं. देशभर बातमी झाली. नंतर दुसऱ्या अभ्यासकांनी तीच जागा पुन्हा तपासली, तर तो कुजून गळत चाललेल्या मधमाश्यांच्या पोळ्याचा डाग निघाला. मूळ दावा करणाऱ्यांनीही ते मान्य केलं. चूक जीवाश्माबाबतची असली तरी धडा शैलचित्रांनाही तितकाच लागू आहे.

जांभ्यात तर निसर्गच खळगे, नळ्या आणि चर पाडत असतो. म्हणून रेष दिसली की तीन गोष्टी बघा. रेषेची रुंदी आणि खोली बऱ्यापैकी एकसारखी आहे का? तिच्या तळाशी हत्याराच्या घावांच्या खुणा आहेत का? आणि ती कातळाच्या नैसर्गिक भेगेला छेद देऊन जाते, की भेगेच्याच वाटेने जाते? भेगेच्या वाटेने जाणाऱ्या रेषेवर विश्वास ठेवायला थांबा. रंगाच्या बाबतीत लोहाचा गंज खडकातून आपोआप पाझरतो आणि गेरूसारखाच दिसतो. पाझराला कडा नसतात, तो खाली ओघळतो. बोटाने किंवा कुंचल्याने ओढलेल्या रेषेला सुरुवात असते, वळण असतं, शेवट असतो.

उजेड, फोटो, आणि काय करायचं नाही

कोरीव काम पाहायला सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास घ्या. दुपारीच जावं लागलं तर दोघांनी चादर धरून सावली करा आणि एका बाजूने आरशाचा किंवा टॉर्चचा उजेड जमिनीलगत टाका. कोकणात पावसाळ्यानंतर सड्यावर गवत माजतं, ते वाळून बसेपर्यंत, म्हणजे साधारण जानेवारीपर्यंत, बरंच काही झाकलेलं राहतं. रंगीत चित्रांचं उलटं आहे. त्यांना थेट ऊन नको, ढगाळ दिवसाचा एकसारखा उजेड हवा.

प्रत्येक आकृतीचे किमान तीन फोटो घ्या: परिसरासकट लांबून, संपूर्ण आकृती, आणि रेषांचा जवळून तपशील. प्रत्येकात मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवा. दिशा होकायंत्रावरून घेणार असाल तर एक सावधगिरी: राजापूर तालुक्यातल्याच देवाचे गोठणे इथल्या कोरीव आकृतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते. तिथे सूर्यावरून किंवा नकाशावरून दिशा ठरवावी लागते.

रंग फिकट झाला असेल तर ‘डीस्ट्रेच’ नावाचं साधन वापरा. जॉन हार्मन यांनी खास शैलचित्रांसाठी ते तयार केलं. फोटोतले जवळजवळचे रंग ते एकमेकांपासून लांब खेचतं, त्यामुळे डोळ्यांना कोरी वाटणारी भिंत अचानक भरलेली दिसू शकते. त्यातली काही सेटिंग तांबड्या रंगासाठी चांगली, काही पिवळ्यासाठी. पण त्यातून आलेल्या चित्रातले रंग खरे नसतात, म्हणून मूळ फोटो नेहमी शेजारी ठेवा आणि दोन्ही ‘दिसतं ते’ या भागात स्वतंत्र नोंदवा.

आता मनाई. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू भरू नका. रंग उजळावा म्हणून पाणी शिंपडू नका. कागद ठेवून घासून ठसा घेऊ नका. कोरीव कामावर चपला घालून तर नाहीच, अनवाणीही चालू नका. सहारातल्या तासिली न’अज्जेरमध्ये १९५० च्या दशकात आँरी लोत यांच्या पथकाने चित्रं नकलून घेण्यासाठी ती ओली केली, आणि त्यातल्या कित्येकांचा रंग कायमचा गेला. नॉर्वेतल्या आल्टा इथे पर्यटकांना दिसावीत म्हणून कोरीव रेषा लाल रंगवल्या होत्या, आता तोच रंग काळजीपूर्वक काढावा लागतो आहे. खडू किंवा बाहेरचा रंग लागला की पुढच्या पिढीला तिथला नमुना तपासणं अवघड होतं. खोदणाऱ्याचं नेमकं तंत्र दाखवणारे बारीक घावही त्याखाली झाकले जातात. मला या बाबतीत तडजोड मान्य नाही, फोटो थोडा कमी चांगला आला तरी चालेल.

थर उलगडा

एका भिंतीवर पाच पिढ्यांनी रंगवलेलं असू शकतं. कुठे कोणती रेष कुणावरून गेली हे भिंगातून पाहा आणि वहीत बाणांनी मांडा: ‘क’च्या वर ‘ख’, ‘ख’च्या वर ‘ग’. वर्षं कळत नाहीत, पण क्रम कळतो. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये भीमबेटकाकडे लक्ष वेधलं. तिथल्या चित्रांचा कालक्रम लावताना हे एकावर एक आलेले थरच मुख्य आधार ठरले. तळाशी शिकारी आणि रानजनावरं, वर कधीतरी घोडेस्वार आणि हत्तीवरचे योद्धे.

या पद्धतीत एक खाच आहे. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ले भागात वांजिना या आत्म्यांची चित्रं परंपरेने पुन्हा पुन्हा उजळली जातात, कारण ती ताजी ठेवणं हे कर्तव्य मानलं जातं. तिथे वरचा रंग मागच्या शतकातला आणि आकृती त्याहून फार जुनी असू शकते. त्यामुळे ‘सर्वांत वरचं ते सर्वांत नवं’ हे रंगाच्या थराबद्दल खरं, कल्पनेबद्दल नव्हे.

चित्रातली जनावरं साक्ष देतात, पण किती?

सहारात एकेकाळी गवताळ प्रदेश होता. तिथे पाणघोडे आणि जिराफ रंगवलेले आहेत, मग गुरांचे कळप येतात, मग घोडे आणि रथ, आणि शेवटी उंट. उंट त्या भागात रुळला तो साधारण २,००० वर्षांपूर्वी, म्हणजे उंटाचं चित्र फार मागे नेता येत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात थायलसिन या पाठीवर पट्टे असलेल्या, पोटाशी पिशवी असलेल्या मांसाहारी प्राण्याची चित्रं आहेत. हा प्राणी मुख्य भूमीवरून सुमारे ३,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला, तेव्हा ती चित्रं त्याआधीची मानायला हरकत नाही.

कोकणातल्या कातळशिल्पांबद्दलही हाच युक्तिवाद केला जातो: तिथे गेंडा आहे, पाणघोडा आहे, आणि हे दोन्ही आज तिथे नाहीत. युक्तिवाद विचार करण्यासारखा आहे, पण त्याचे दोन भाग वेगळे करा. भारतातला पाणघोडा हिमयुगाच्या अखेरीच्या आसपास संपला, म्हणून ती आकृती खरोखर पाणघोड्याची असेल तर पुरावा भक्कम. पण ती ओळख आपण आकारावरून केलेली आहे. गेंडा ओळखायला सोपा, त्याचं शिंग दिसतं. पण त्याची साक्ष कमकुवत, कारण पश्चिम भारतात गेंडा कितीतरी उशिरापर्यंत होता. गुजरातेत लांघणजच्या मध्याश्मयुगीन वस्तीत त्याची हाडं मिळाली आहेत. शेतीची चित्रं दिसत नाहीत म्हणून हे काम शेतीपूर्व माणसांचं, असंही म्हटलं जातं. तेही शक्य आहे. पण न काढलेल्या चित्रावरून काढलेला निष्कर्ष ‘वाटतं ते’ या भागातच लिहायचा.

प्रयोगशाळा नेमकं कशाचं वय काढते?

हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावून घ्या. चित्राचं वय जवळजवळ कधीच थेट मोजलं जात नाही. मोजलं जातं कोळशाचं, चुन्याच्या पापुद्र्याचं, वाळूचं, कुंभारमाशीच्या घराचं. ती वस्तू आणि चित्र यांचं नातं काय, यावर सगळं अवलंबून असतं.

सर्वांत ओळखीची पद्धत रेडिओकार्बन. सजीवातलं कार्बन-१४ मृत्यूनंतर दर ५,७३० वर्षांनी निम्मं होतं, आणि सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याइतकं उरत नाही. चित्र लाकडी कोळशासारख्या सजीवापासून आलेल्या पदार्थाने काढलेलं असेल तरच ही पद्धत थेट लागू होते. गेरू म्हणजे लोहाचं खनिज, त्यात मोजण्याजोगा कार्बन नसतो. काळा रंगही नेहमी कोळसा नसतो. फ्रान्समधल्या लास्को गुहेतला काळा रंग बहुतांशी मँगनीजचा आहे, त्यामुळे ती चित्रं थेट मोजता येत नाहीत. शिवाय कोळशाचं वय म्हणजे झाडाच्या मृत्यूचं वय. कुणी गुहेत पडलेला जुना कोळसा उचलून चित्र काढलं असेल तर आकडा चित्रापेक्षा मागचा येणार.

फ्रान्समध्येच १९९४ मध्ये सापडलेल्या शोव्हे गुहेचं उदाहरण म्हणूनच शिकण्यासारखं आहे. तिथल्या चित्रांतल्या कोळशाचं वय ३०,००० वर्षांच्या पलीकडे गेलं, तेव्हा ‘इतकी सफाईदार चित्रं इतकी जुनी असूच शकत नाहीत’ असा आक्षेप शैलीवरून घेतला गेला. मग पुरावे वेगवेगळ्या दिशांनी जमवले गेले. जमिनीवरच्या शेकोट्या, भिंतीवर मशाल घासल्याच्या खुणा, गुहेतल्या अस्वलांची हाडं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कडा कोसळून गुहेचं तोंड सुमारे २१,५०० वर्षांपूर्वी कायमचं बंद झालं होतं, हे त्या खडकांच्या स्वतंत्र मोजणीतून निघालं. तोंड बंद झाल्यावर आत जाऊन कुणी रंगवलं नाही, एवढं तरी नक्की झालं. एका आकड्यावर विसंबू नका, एकमेकांशी संबंध नसलेले पुरावे एकाच बाजूला बोट दाखवतात का ते पाहा.

इथेच आकडे वाचण्याची एक अडचण सांगून ठेवतो. शोव्हेबद्दल कुठे ३२,००० वाचाल, कुठे ३६,०००. दोन्ही बरोबर असू शकतात. पहिला कच्चा रेडिओकार्बन आकडा, दुसरा हवेतल्या कार्बन-१४ च्या चढउतारासाठी दुरुस्त केलेला. ‘बीपी’ असं लिहिलेलं असेल तर वर्षं १९५० पासून मागे मोजलेली असतात. दोन स्थळांची तुलना करताना दोन्हीकडे एकाच जातीचा आकडा आहे ना, हे आधी बघा.

चुनखडीच्या गुहांत युरेनियम-थोरियम पद्धत चालते. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ नाही. भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्यातून चुन्याचा पापुद्रा साचतो तेव्हा त्यात युरेनियम येतं, थोरियम मागे राहतं. मग वर्षानुवर्षं युरेनियमचं थोरियम होत जातं, आणि दोहोंचं प्रमाण पापुद्र्याचं वय सांगतं. पापुद्रा चित्राच्या वर असेल तर मिळतं किमान वय: चित्र याहून जुनं, किती जुनं ते माहीत नाही. तो चित्राच्या खाली असेल तर कमाल वय. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर लेआंग काराम्पुआंग इथल्या रानडुक्कर आणि माणसांसारख्या आकृतींच्या चित्राचं किमान वय २०२४ मध्ये ५१,२०० वर्षं आलं, ते याच पद्धतीच्या लेसर वापरणाऱ्या सुधारित रूपाने. बातमीत ‘५१,२०० वर्षांचं चित्र’ असं छापलं जातं, खरं वाचन ‘निदान ५१,२०० वर्षांचं’ असं आहे.

वाद होतो तो पापुद्र्याच्या प्रामाणिकपणावरून. नंतरच्या पाण्याने त्यातलं काही युरेनियम धुऊन नेलं तर वय फुगून येतं. २०१८ मध्ये स्पेनच्या तीन गुहांतल्या खुणांना ६४,००० वर्षांपेक्षा जास्त वय मिळालं. आधुनिक मानव तेव्हा युरोपात नव्हता, म्हणजे ती निअँडरथालांची, आपल्याहून वेगळ्या आणि आता नामशेष झालेल्या मानवांची, म्हणायची. यावर अजून मतभेद आहेत, आणि ते नेमके याच मुद्द्यांवर आहेत: पापुद्रा खरोखर रंगाच्या वर होता का, आणि तो बंदिस्त राहिला होता का?

मला स्वतःला सर्वांत देखणी वाटते ती किंबर्लेतली मोजणी. एका शैलाश्रयाच्या छतावर दोन मीटर लांबीचा कांगारू रंगवलेला आहे. माश्यांनी चिखलाची घरं तिथे चित्राआधीही बांधली होती आणि नंतरही. तीन घरं रंगाच्या खाली, तीन वर. चिखलात अडकलेल्या कोळशाच्या कणांवरून दोन्ही बाजूंची वयं काढली आणि मधला कांगारू सुमारे १७,३०० वर्षांचा ठरला. वरून आणि खालून असं दोन्हीकडून चिमटीत धरलेलं वय फार थोड्या चित्रांच्या वाट्याला येतं.

कोरीव कामाचं काय? तिथे रंगच नाही, म्हणून ते झाकणारी माती शोधतात. वाळूच्या कणावर ऊन पडलं की त्यात साठलेली ऊर्जा निघून जाते, आणि कण गाडला गेला की पुन्हा साठू लागते. ती मोजली की शेवटचं ऊन कधी लागलं ते कळतं. इजिप्तमधल्या कुर्ता इथले रानबैल अशाच वाऱ्याने आणलेल्या वाळूखाली होते, त्यांचं किमान वय सुमारे १५,००० वर्षं आलं. पोर्तुगालच्या कोआ खोऱ्यात तर धरणाच्या पाण्याखाली जाऊ घातलेल्या कोरीव प्राण्यांचं वय हा राष्ट्रीय वादाचा विषय झाला. खडकाच्या पृष्ठभागावरून वय काढणाऱ्यांनी ती काही हजार वर्षांचीच म्हटली. धरण थांबलं, १९९८ मध्ये खोरं जागतिक वारसा झालं, आणि पुढच्या वर्षी फारिझेऊ इथे पुराश्मयुगीन थरांनी झाकलेला कोरीव खडकच मिळाला. त्यावर गाळ चढण्याआधीच ते काम झालेलं असणार, यात शंका उरली नाही. आल्टाला समुद्रच घड्याळ आहे: हिमयुगानंतर जमीन उचलली जात राहिली, किनारा खाली सरकला, आणि लोक किनाऱ्यालगत कोरत असल्याने जितकं उंचावर तितकं जुनं.

कोकणच्या जांभ्यात यातलं बरंच काही हाताशी नाही. रंग नाही, चुन्याचा पापुद्रा नाही, आणि खोदलेल्या चरातली माती दर पावसाळ्यात वाहून नवी येते, म्हणून तिचं वय काढून उपयोग नाही. अशा वेळी आजूबाजूच्या वस्तीचा शोध घेतात. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत उत्खननात दगडी हत्यारं मिळाली, त्यामुळे परिसरात अश्मयुगीन माणूस वावरत होता हे कळलं. पण तोच माणूस सड्यावर कोरत होता हे जोडणारा धागा वेगळा सिद्ध करावा लागतो. २०२२ मध्ये कोकण-गोव्यातली नऊ स्थळं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळी, बारसू, उक्षी, कुडोपी आहेत आणि गोव्यातलं कुशावती नदीकाठचं फणसायमळही आहे. त्यांचं मोल वारंवार सांगितल्या जाणाऱ्या ‘दहा हजार वर्षं’ या आकड्यावर टांगून ठेवायची गरज मला वाटत नाही.

आता अर्थ

नामिबियाच्या ब्रँडबर्ग डोंगरात एक प्रसिद्ध आकृती आहे, ‘गोरी बाई’ या नावाने ओळखली जाणारी. आँरी ब्रॉय हे त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांनी तिला भूमध्य सागराच्या बाजूने आलेली परदेशी स्त्री ठरवलं. नंतरच्या अभ्यासकांनी बारकाईने पाहिलं तेव्हा हाती धनुष्य, आणि अंगावर पांढरा रंग लावलेला स्थानिक पुरुष दिसला. पांढरा रंग पाहून गोरी कातडी सुचली, कारण आफ्रिकी माणसाने असं सुंदर चित्र काढलं असेल हे मानायची त्या काळाची तयारी नव्हती. आपली ‘वाटतं ते’ची नोंद आपल्याबद्दलच किती सांगते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

उलट बाजूला दक्षिण आफ्रिकेतल्या ड्राकेन्सबर्गचा गेम पास शैलाश्रय. एक इलंड हरीण मान टाकून, मागचे पाय एकमेकांवर टाकत कोसळतंय. त्याची शेपटी धरलेल्या माणसाचेही पाय तसेच, आणि पावलांच्या जागी खूर. नुसतं पाहून ‘शिकार’ म्हटलं असतं. पण १८७० च्या दशकात विल्हेल्म ब्लीक आणि लूसी लॉइड यांनी सान लोकांकडून, म्हणजे तिथल्या मूळच्या शिकारी लोकांकडून, त्यांच्या कथा आणि समजुतींची हजारो पानं उतरवून घेतली होती. त्या नोंदींच्या आधारे डेव्हिड लुइस-विल्यम्स यांनी दाखवलं की वैदू अंगात येऊन बेशुद्ध होतो त्याला सान लोक ‘मरणं’ म्हणत, आणि मरणाऱ्या इलंडची शक्ती तो घेतो असं मानत. खूर आणि मुरडलेले पाय यांना अर्थ आला तो त्याच लोकांच्या बोलण्यातून.

असं बोलणं जिथे शिल्लक नाही तिथे फार जपून. लास्कोच्या माणसांच्या जेवणातली हाडं बहुतेक रेनडिअरची आहेत, आणि गुहेत रेनडिअरचं चित्र फक्त एक. ‘जे खायचे तेच काढायचे’ हा सोपा नियम तिथेच मोडतो. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोरला आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवरही तशी रचना आहे, म्हणून संबंध जोडण्याचा मोह होतो. आधी विचारा: मधल्या प्रदेशात आणि मधल्या काळात तशा आकृतींची साखळी आहे का? नसेल तर ते साम्य आहे, नातं नाही. भीमबेटकाची नाचणारी माणसं पाहून ‘ही तर वारलीच’ असं मीही म्हणायचो. त्रिकोणांचं अंग सारखं दिसतं हे खरं. पण वारल्यांचा लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी ही आज जगणाऱ्या लोकांची आहे, तिचा अर्थ त्यांना विचारता येतो. तो उचलून हजारो वर्षांमागच्या अनोळखी माणसांच्या भिंतीवर चिकटवणं हे दोघांवरही अन्याय करणारं आहे.

गावातल्या जुन्याजाणत्यांना आणि गुराख्यांना मात्र जरूर विचारा. कातळावरचं ते चित्र त्यांना तुमच्याआधी कितीतरी वर्षं माहीत असतं. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह, वेगळ्या पानावर लिहा. ती आजच्या गावाची आणि त्या कातळाची गोष्ट आहे, आणि तिचं मोल स्वतंत्र आहे.

नवं काही सापडलं तर

साफसफाईच्या उत्साहात चरातली माती उपसू नका, तिच्या तळाशी न ढवळलेला थर असण्याची शक्यता थोडी का होईना असते. जागेचं अचूक स्थान टिपून घ्या, पण समाजमाध्यमांवर टाकू नका. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला आणि ग्रामपंचायतीला फोटो, मोजमापं आणि स्थान लेखी कळवा, पोच घ्या. जमीन खाजगी असेल तर मालकाशी आधी बोला. सड्यावर चिऱ्याची खाण सुरू व्हायला वेळ लागत नाही, आणि यंत्र एकदा फिरलं की मोजायला काहीच राहत नाही. म्हणून कोणत्या बाजूने खाण जवळ आहे, किती मीटरवर आहे, तेही त्याच दिवशी मोजून पत्रात लिहा.